विसराळू लोखंड

बाटलीतलं द्रावण काजळासारखं काळं.
बाहेरून चुंबक टेकवला
की आतल्या आत काटा येतो त्याच्या अंगावर.
चुंबक काढला की सपाट,
जणू काही झालंच नव्हतं.

दहा नॅनोमीटरचं लोखंड विसराळू असतं.
उत्तर कुठली, दक्षिण कुठली,
हातातून हात सुटला की गेलं.
मोठ्या ढेकळाला डूख धरता येतो,
कणाला तेवढीही जागा नसते.

ॲक्रन, ओहायो. फेब्रुवारी. तळघर.
वर्ना हूडाक मायक्रोस्कोपात द्रव नायट्रोजन ओततेय,
वाफेत तिचं मनगट नाहीसं झालंय.
तिचा बाप बत्तीस वर्षं टायरच्या कारखान्यात होता.
"आधी वास घरी यायचा," ती म्हणते, "मग बाप."
कारखाना गेला, चिमणी राहिली.
रबर होतं तिथे आता पॉलिमर आहे, असं आम्ही म्हणतो.
ती म्हणते, तेच ते,
फक्त डबा घेऊन येणारी माणसं कमी झाली.

माझ्या साखळ्या दोन स्वभावांच्या.
अर्धी ताठ, कोरडी,
अर्धी मऊ, पाण्याकडे ओढ असलेली.
दोघींचं पटत नाही.
सुट्या असत्या तर केव्हाच वेगळी चूल मांडली असती,
पण मध्ये एक बंध आहे, एकच,
तो काही तुटत नाही.
मग रुसून जाऊन जाऊन जाणार किती लांब?
साखळीच्या लांबीइतकं.
म्हणून रांगा लागतात:
हे तुझं, हे माझं, पुन्हा तुझं,
वीस-वीस नॅनोमीटरच्या वाटण्या,
मोजणीवाल्याला न बोलावता.

कणांना मी ओलेइक आम्ल चोपडलं होतं,
कोरडीच्या घरात त्यांना परकं वाटू नये म्हणून.
तरी तीन महिने नुसते गोळे.
वर्ना नोंदवहीत दर वेळी एकच शब्द लिहायची:
चिखल.
चिखल, तारीख, सही.

काल थर काचेवर पसरला,
टोल्युईनच्या वाफेत झाकून ठेवला
विरजण लावल्यासारखा,
आणि हात लावला नाही.
हात न लावणं हे मला सगळ्यात उशिरा जमलेलं काम.

आज पडद्यावर
राखाडी पट्टा, फिका पट्टा, राखाडी पट्टा,
आणि राखाडीत काळे ठिपके, एकामागे एक.
रांगोळी म्हणणार होते,
पण रांगोळीला बोटं लागतात, ओणवं व्हावं लागतं.
इथे कोण ओणवं झालं होतं?
रत्नागिरीला मांडवीच्या काळ्या वाळूत
आम्ही शाळेतला चुंबक फिरवायचो,
त्याला मिशा फुटायच्या.
त्या मिशा मी उपटल्या तरच निघायच्या.
हे ठिपके मी उपटणार नाही.

वर्नाला सांगितलं,
रांगेत असले की हे कण जरा उशिरा विसरतात.
एकमेकांना धरून असतात.
किती उशिरा ते उद्या मोजायचंय,
कदाचित मोजण्याइतकं नसेलही.

ती बराच वेळ फोकस फिरवत राहिली,
फोकस तर लागलेला होता.
मग म्हणाली, शेवटच्या वर्षी
बाप मला ओळखायचा नाही.
त्याच्या आश्रमात त्याच कारखान्याचे आणखी तिघे होते.
एकेकट्याला विचारलं तर भिंतीकडे बघायचे.
रविवारी चौघांना एका बाकावर बसवायची मी,
खांद्याला खांदा.
मग यायचं सगळं,
फाटकाचा नंबर, भोंग्याची वेळ,
कोणाचं बोट कोणत्या साली गेलं.
एकदा तर माझं नावही आलं,
पण ते तिसऱ्याच म्हाताऱ्याच्या तोंडून.

पंप घरघरत होता.
तिनं नोंदवही ओढली, टोपण दातात धरलं
आणि लिहिलं:
चिखल नाही.
तारीख, सही.